नसलेल्या बेटाची मोजणी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही हसलात तरी माझी थोडीफार अब्रू शिल्लक राहील. आमच्या धंद्यात माझ्यासारखी काठी देणारी बाई शोधून सापडायची नाही!

दचकू नका. मी कुणाला काठीने बडवत नाही. मी संशोधक आहे. तळी, कुरणं, जंगलं यांचा कारभार लोक मिळून कसा चालवतात, किंवा का चालवत नाहीत, हे बघत फिरायचं, एवढंच माझं काम. त्याची एक पद्धत आहे. वस्तीत जायचं, सगळ्यांना मोकळ्या जागेत गोल बसवायचं आणि काठीने मातीत तळ्याचा नकाशा काढायचा. पण आपण नाही काढायचा! काठी तिथल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्यायची, आपले हात मागे बांधायचे आणि गप्प उभं राहायचं. लोक चुकले तरी गप्प. भांडले तरी गप्प. फारच भांडले तर वीस पावलं लांब जाऊन गप्प. संशोधकाने काठी हातात घेतली की नकाशा लोकांचा राहत नाही. मग तो बाद!

बारा वर्षांत मी दिलेली काठी एकदाही परत घेतली नाही. आमच्या विभागाच्या प्रशिक्षणाच्या खोलीत माझा फोटो लावलाय. हात मागे, तोंड बंद, चेहऱ्यावर अपार नम्रता. खाली लिहिलंय, 'असे करावे'. शेजारी 'असे करू नये' अशीही पट्टी आहे, पण तिच्यावरची चौकट रिकामी होती. इतका गाढवपणा करताना अजून कुणी फोटोत सापडलं नव्हतं.

आता ऐका.

मी अभ्यासाला घेतलेल्या तळ्याला दोन वस्त्या, वरची आणि खालची. दोघींत विस्तव जात नाही. जाळी कुणी कुठवर टाकायची यावरून भांडण, तळाचा गाळ काढायचा हे मान्य पण तो कुणाच्या काठावर टाकायचा यावरून भांडण. वरच्यांच्या नकाशात सगळं तळं वरच्यांचं, खालच्यांच्या नकाशात सगळं खालच्यांचं. दोघांचा मिळून एक नकाशा झाला, तरच एक समिती होणार आणि तळ्याची मोजणी होऊन तसा करार नोंदवला जाणार. तीन वर्षं मी तिथे काठ्या देत होते. अहवालाचा शेवट तर मी आधीच लिहून ठेवला होता : 'समेट संभवत नाही.'

त्या दिवशी मात्र घरातून निघतानाच घोळ झाला. मी कामावर असले की बाबांच्या सोबतीला शेजारच्या मावशी येऊन बसतात. त्यांचा पाय मुरगळला! बाबांना एकटं ठेवायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर. म्हणून घेतलं जीपमध्ये.

बाबा म्हणजे माझे वडील. सव्वीस वर्षं ते एका मोठ्या तळ्याच्या झडपा उघडायचे आणि बंद करायचे. हे नाही हो, आमचं तळं. मी त्याच्याच काठावर वाढले. ते तळं भरून टाकलं. आता तिथे गाड्या लावायचा मोठा तळ आहे. एकदा बाबांना तिथे घेऊन गेले होते. दोन रांगांच्या मधे उभे राहून ते म्हणाले, "इथे पाणी दोन पुरुष खोल होतं." पहारेकरी आला आणि विचारतो कसा, "आजोबा, तुमची गाडी कुठली?"

त्यानंतर बाबा परत तिथे गेले नाहीत. आई गेली, आणि दीड वर्षापूर्वी ते माझ्याकडे पाचव्या मजल्यावर राहायला आले. आले आणि बोलायचे थांबले! म्हणजे हो, नको, पुरे, झालं, एवढे चार शब्द. रोज सकाळी न्हाणीघरात बादली भरायची आणि पाणी अगदी स्थिर होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचं. मी बाहेरून ओरडायची, "बाबा, आत काही पडलंय का?" आतून "नको" असं उत्तर यायचं. मला फार वाईट वाटायचं. पण काय करावं ते सुचायचं नाही, म्हणून मी नवी बादली आणली.

तर जीप थांबली. मी बजावलं, "बाबा, तुम्ही आतच बसा. उतरू नका. आणि कुणाशी बोलू नका."

"झालं," बाबा म्हणाले. मीही निर्धास्त झाले. जो माणूस घरात बोलत नाही, तो बाहेर काय बोलणार!

गोल बसला. मी काठी दिली खालच्या वस्तीतल्या जाळेवाल्या आजीला. ही आजी बोलता बोलता हातात जाळं विणत असते आणि तिची नजर दोन्हीकडे असते. तिने बांध काढला. काढतेय तोच वरच्या वस्तीतला होडीवाला सुतार उठला.

"एवढा बांध? हा बांध आहे की तुझं अंगण?"

"तुझ्या आज्याला विचार! बांधावरून घसरून तोच पडला होता!"

"माझा आजा घसरला नव्हता, तुम्ही ढकलला होता!"

सुताराने काठी ओढली. आजीने सोडली नाही. काड्! काठीचे दोन तुकडे. मग जे सुरू झालं ते मी नियमाप्रमाणे ऐकलंच नाही. हात मागे बांधले आणि मोजून वीस पावलं चालून शाळेच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. काय सांगू, स्वतःचा अभिमान वाटत होता! दुसरी कुणी असती तर मधे पडली असती.

पाचएक मिनिटांत आरडाओरडा थांबला. मग शांतता. इतकी शांतता तिथे तीन वर्षांत कधी ऐकली नव्हती. कुणी मेलं की काय म्हणून मी धावत आले.

सगळे गोल उभे होते. मधोमध उकिडवे बसलेले, अर्धी काठी हातात घेऊन मातीत रेघा ओढणारे माझे बाबा!

आणि बोलत होते! "हा बांध. या दोन झडपा, एक नेहमी अडायची. इथून होडी निघायची. आणि हे इथे मधोमध, बेट. फार मोठं नाही, चार माणसं ऐसपैस बसतील एवढं. वर एकच झाड, तेही वाकडं. दुपारी बायको डबा घेऊन यायची. आम्ही तिथे जाऊन जेवायचो. पोरगी पाण्यात पाय सोडून बसायची."

हे इथलं तळं नव्हतं! इथे कधी बेटबिट नव्हतं. हे आमचं तळं होतं, जसंच्या तसं. आणि ती पाय सोडून बसणारी पोरगी मी होते.

मी ओरडायला हवं होतं. 'थांबा, हा माणूस बाहेरचा आहे, माझा बाप आहे, पुसा तो नकाशा!' तोंड उघडलंही होतं. पण तुम्हीच सांगा, दीड वर्षात मी बाबांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. तो आवाज ऐकायला मी इतकी आसुसले होते की आणखी दोन वाक्यं, फक्त दोन वाक्यं ऐकू आणि मग ओरडू असं ठरवलं. वरच्यांना ते खालचे वाटत असतील, खालच्यांना वरचे, काय बिघडतंय दोन वाक्यांनी!

तेवढ्यात सुतार म्हणाला, "म्हणजे बेटाच्या अलीकडे आमची जाळी, पलीकडे तुमची?"

आजी विणता विणता थांबली. "आणि बेट?"

"बेट कुणाचंच नाही."

"कुणाचंच नाही कसं? सगळ्यांचं म्हण."

"बरं बाई, सगळ्यांचं!"

झालं! तीन वर्षांत जे झालं नाही ते दहा मिनिटांत झालं. सह्या झाल्या, अंगठे झाले, समिती झाली. कुणीतरी बाबांना पाणी आणून दिलं. मी तिथेच उभी. हात अजून मागेच.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांच्या खोलीत गेले. सरांनी नकाशाचा फोटो टेबलावर मांडून ठेवला होता आणि ते चष्मा पुसत होते. सर चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता मोठं काहीतरी बोलणार.

"सामूहिक स्मृती!" सर म्हणाले. "अहवालाच्या मुखपृष्ठावर हाच नकाशा!"

"सर, ते बेट तिथे नाहीये."

"बरोबर! आज नाहीये. होतं! यालाच तर ऱ्हास म्हणतात."

"सर, ते कधीच नव्हतं."

"असं कसं? चव्वेचाळीस लोकांनी सह्या केल्यात. तुझा लोकांच्या ज्ञानावर विश्वास नाही?" असं म्हणून त्यांनी कपाटातून एक लेख काढून माझ्यापुढे ठेवला. 'लोकांच्या ज्ञानावर शंका घेणाऱ्या संशोधकांनी घरी बसावे.' लेख माझाच होता! आपलेच दात आपलेच ओठ.

"मोजणीदार पुढच्या महिन्यात येतोय," सर म्हणाले. "बेटाची जागा मोजली की हद्द ठरली, हद्द ठरली की करार पक्का. तीन विद्यापीठांतून पाहुणेही बोलावलेत!"

"आणि बेट सापडलं नाही तर?"

"तर हद्द नाही, करार नाही. पण सापडेल ना!" सर प्रसन्न हसले.

बाहेर आले आणि जिन्यातच बसले. खरं सांगितलं तर नकाशा बाद, करार बाद, दोन्ही वस्त्या पुन्हा एकमेकांच्या उरावर. आणि माझी नोकरीही त्यांच्याबरोबर. पण खरं सांगू? त्या जिन्यात मला यातलं काहीच आठवत नव्हतं. एकच वाटत होतं : नकाशा पुसला तर बाबा परत गप्प होतील.

कारण घरी काय चाललं होतं ते ऐका. बाबांनी बादली सोडली! सकाळी उठून दाढी करायचे, बूट पुसायचे आणि दारापाशी नीट लावून ठेवायचे. "मोजणी कधी आहे? मला न्यायचं हं. बेटावरच्या झाडापासून मोजायला सांग, नाहीतर चुकेल." मी चहा घेत असले की समोर येऊन बसायचे. झडप अडली की आई काठावरून कशी ओरडायची, होडीला भोक पडलं तेव्हा मी माझ्या टोपीने पाणी कसं उपसलं होतं, आणि ती टोपी पुन्हा कशी कधीच वाळली नाही! मी ऐकत राहायची. कामाला उशीर व्हायचा. होऊ दे म्हणायची.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र धीर केला. "बाबा, ते तळं वेगळं आहे. तिथे बेट नाही हो."

बाबा बूट पुसत होते. हात थांबला नाही. "माहीत आहे मला. सव्वीस वर्षं तळ्यावर काढली. कुठल्या पाण्यात बेट आहे नि कुठल्यात नाही, ते बघून कळतं मला."

"मग काढलंत कशाला?"

"त्यांनी विचारलं." बाबांनी दुसरा बूट घेतला. "तू लोकांना विचारत फिरतेस ना? किती जणांना विचारलंस आजवर, तुमचं तळं कसं होतं म्हणून?"

"अकराशे सहा," मी म्हणाले. आमचे आकडे पाठ असतात.

"हं," बाबा म्हणाले.

एवढंच. पण त्या एका हुंकाराने मला जमिनीत गाडलं. अकराशे सहा! आणि त्यात बाबा नव्हते. आई गेल्यापासून मी त्या तळ्याचं नावही काढलं नव्हतं. बाबांना त्रास होईल म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं तर मलाच भीती वाटायची. कारण मलाही ते तळं हवं होतं, आणि आई हवी होती, आणि दोन्ही कुठून आणायचं ते माझ्या कुठल्याच पद्धतीत लिहिलेलं नव्हतं.

सकाळी आम्ही काठावर पोचलो. मोजणीदार आला होता, हातात दोरी आणि लांब मोजपट्टी. तीन विद्यापीठांचे पाहुणे आले होते, गळ्यात ओळखपत्रं. सर कॅमेरा घेऊन आले होते. दोन्ही वस्त्या तर सगळ्याच्या सगळ्या!

"बेट दाखवा," मोजणीदार म्हणाला. "मला दुपारी दुसरीकडे जायचंय."

बाबा एक पाऊल पुढे झाले. मी त्यांचा हात धरला आणि डोळे मिटून सगळं ओकून टाकलं. "बेट नाही! इथे कधीच नव्हतं! ते आमच्या तळ्यातलं बेट आहे, ते तळं भरून टाकलंय. नकाशा यांनी काढला, हे माझे वडील आहेत, आणि हे मला पहिल्याच मिनिटाला माहीत होतं. चूक माझी आहे. त्यांना कुणी काही बोलू नका!"

सरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पाहुण्यांपैकी एक जण वहीत लिहीत होता, तोही थांबला.

जाळेवाली आजी तेवढी विणतच होती. "झालं तुझं बोलून?"

"हो."

"अगं पोरी, आम्ही जन्मलो इथे. या तळ्यात बेट आहे की नाही ते आम्हाला ठाऊक नसेल होय? आणि हा बाबा तुझ्या जीपमधून उतरताना आम्ही चव्वेचाळीस जणांनी बघितला!"

"मग... मग सगळ्यांनी माना कशाला डोलावल्या?"

"आम्ही भांडत होतो, तर हा येऊन खाली बसला आणि काठीचा तुकडा उचलून नुसता बघत राहिला. मीच विचारलं, बाबा, तू कुठला, तुझं तळं कसं होतं? काढायला लागला. काढताना डोळ्यांतून पाणी गळत होतं त्याच्या. आता रडत्या माणसाला कोण म्हणणार, इथे बेट नाही म्हणून?"

"आणि कल्पना वाईट नव्हती," सुतार म्हणाला. "मधे काहीतरी हवंच होतं. आम्हाला सुचलं नव्हतं एवढंच."

"पण बेट नाहीये ना!" मोजणीदार कळवळला.

"बसा होडीत," आजी म्हणाली.

बसलो. तळ्याच्या मधोमध गेलो आणि मी बघतच राहिले. पाण्यातून वर आलेला एक काळा, ओला ढीग. खाली दगड, वर गाळ. तोच गाळ, जो कुणाच्या काठावर टाकायचा यावरून सात वर्षं डोकी फुटत होती! महिनाभर दोन्ही वस्त्यांच्या होड्या तो इथे आणून टाकत होत्या. बेट अजून दोन खाटांएवढंच होतं, काठावरून दिसायचंही नाही असं बुटकं. पण होतं!

मोजणीदाराने कपाळाला हात लावला. "आधी नकाशा आणि मग बेट? अशी कशी नोंद करू मी?"

"साहेब, तुमच्या घराचा नकाशा आधी काढला की घर आधी बांधलं?" सुताराने विचारलं. मोजणीदाराने दोरी काढली.

बाबा बूट हातात घेऊन अनवाणी बेटावर उतरले. पाय घोट्यापर्यंत रुतले. ते हसले. आईच्या मागे पहिल्यांदाच! आजीने त्यांच्या हातात काठी दिली. "झाड कुठे लावायचं तेवढं दाखव."

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं, दोन पावलं गेले आणि उजवीकडे खूण केली.

मी होडीच्या टोकाला उभी होते. हात मागे, तोंड बंद. बारा वर्षांची सवय! पण ती खूण बघितली आणि काय झालं कुणास ठाऊक, मी सरळ गाळात उडी मारली.

"अहो बाबा, तिकडे काय? डावीकडे! झाड डावीकडे होतं! आई काय उन्हात बसायची का?" आणि मी बाबांच्या हातातून काठी हिसकावून घेतली. "हे इथे झाड! इथे खोडाला टेकून आई. इथे डबा. इथे तुम्ही, आणि या इथे मी, पाण्यात पाय!" मी रेघा ओढत होते आणि रडत होते आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते.

बाबा माझ्याकडे बघत होते. "तुला आठवतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू विसरलीस."

"मला वाटलं, तुम्हाला आठवण नको असेल."

"वेडी आहेस," बाबा म्हणाले आणि मी काढलेल्या जागी, आईच्या शेजारी, त्या ओल्या गाळात फतकल मारून बसले. मीही बसले. मोजणीदार म्हणाला, जरा सरका, दोरी लावायचीय. आम्ही सरकलो नाही. त्याने आम्हाला वळसा घालून मोजलं.

करार नोंदला गेला. झाड लागलंय, सरळच वाढतंय, पण सुतार म्हणतो वाकवू. दर रविवारी मी आणि बाबा डबा घेऊन जातो. माझी नोकरीही टिकली. सरांचं म्हणणं, असा अभ्यास पुन्हा होणे नाही.

आणि हो, प्रशिक्षणाच्या खोलीतली ती रिकामी चौकट आता भरलीय. सरांचा कॅमेरा नेमक्या वेळी तयार होता. फोटोत एक चिखलाने माखलेली बाई म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काठी हिसकावून घेतेय. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'असे करू नये'. दोन्ही फोटो एकाच बाईचे आहेत, हे नव्या मुलांना अजून तरी ओळखू आलेलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका!